खोळीचा रंग, खुर्चीचा रंग : वऱ्हाडातल्या बैठकीचा इतिहास

१/२३
जुन्या सोफ्याचा सांगाडा शाबूत आहे, पण कापड विटले आहे. घरच्या घरी त्याचा रंग बदलता येईल का? हा प्रश्न आज वरूडपासून मुंबईपर्यंत कोणत्याही घरात पडू शकतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात तो या स्वरूपात पडला नसता. बैठकीचा रंग उडाला की तिची खोळ काढायची, रंगवून घ्यायची आणि पुन्हा चढवायची. इतके सरळ काम पुढे इतके अवघड का झाले, याचा हा धागा. यात आलाचे शेत आहे, निळीचे पिंप आहे, कापसाची आगगाडी आहे आणि जर्मन प्रयोगशाळाही आहे.

२/२३
वरूड हे अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचे गाव. उत्तरेला सातपुडा, पूर्वेकडे वर्धा नदी. आज गावाची ओळख संत्र्यांची आहे. परंतु भोवतालच्या काळ्या जमिनीची जुनी ओळख कापसाची. जिथे कापूस तिथे गादी, लोड, तक्क्या आणि गिर्दी. लाकडी सामान थोडे आणि कापसाची बैठक मोठी, अशी खात्यापित्या घराच्या दिवाणखान्याची रचना असे. जमिनीवर जाजम किंवा सतरंजी, तीवर गादी, भिंतीशी लोड.

३/२३
या बैठकीचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात येत नाही : तिचा प्रत्येक भाग सुटा असे. आतला कापूस बसला की पिंजारी तो धनुकलीवर पिंजून पुन्हा फुलवी. खोळ मळली की ती धुण्याला जाई आणि विटली की रंगाला. भरण, खोळ आणि आधार या तीन वेगळ्या वस्तू, त्यांची दुरुस्ती करणारे हातही वेगळे. म्हणून बैठकीचा रंग बदलणे याचा अर्थ एक कापड रंगवणे, एवढाच होता.

४/२३
हे रंगवणारे कोण? रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांताला जोडलेला होता. या ग्रंथात छिपा, रंगारी, भावसार, निराळी आणि नीलगार यांची माहिती एकाच लेखात दिली आहे. यांतील निराळी आणि नीलगार ही नावे थेट निळीवरून आली आहेत. निळीचे काम करणाऱ्यांना स्वतंत्र नाव मिळावे, इतके ते इतर रंगकामापेक्षा वेगळे होते.

५/२३
ते वेगळेपण रसायनातले आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवण्यासाठी पिंपातले पाणी आंबवावे लागे. त्यात चुना, गूळ आणि वऱ्हाडात तरोटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाकळ्याच्या उकडलेल्या बिया पडत. आंबलेल्या पिंपातून कापड बाहेर येते तेव्हा ते निळे नसते; पिवळट हिरवे असते. हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होते. जुने निळे कापड फिके पडले तर आणखी एक बुडी पुरे. पिंप मात्र जिवंत ठेवावे लागे. ते बिघडले की रंगाऱ्याचे भांडवलच बुडे.

६/२३
तांबड्याची गोष्ट याहून लांब. वऱ्हाड, खानदेश आणि बुंदेलखंड या पट्ट्यात तांबडा रंग मुख्यतः आलापासून मिळे. मराठीत बारतोंडी म्हणतात त्याच कुळातली ही वनस्पती. रंग तिच्या मुळांच्या सालीत असतो. पेरल्यापासून मुळे रंगाला येईपर्यंत सुमारे तीन वर्षे जात आणि मग ती खोलवर खणून काढावी लागत. जाड मुळांना किंमत कमी. बारीक मुळांत रंग अधिक. तीन वर्षे जमीन अडकवून ठेवण्याची ज्याची ऐपत, त्याचेच हे पीक.

७/२३
आलाचा रंग नुसता कापडावर टिकत नाही. त्याला मध्यस्थ लागतो आणि तो मध्यस्थ म्हणजे तुरटी. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने सुताला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरते. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. कापसाचे सूत तुरटीलाही सहज दाद देत नाही. म्हणून कापड आधी तेल आणि खार यांत मुरवत, किंवा सातपुड्यात मिळणाऱ्या हिरड्याच्या तुरट पाण्यात भिजवत. पक्का रंग म्हणजे कित्येक दिवसांचे काम होते. उकळणे हा त्यातला केवळ शेवटचा टप्पा.

८/२३
आलाने मराठीला शब्दही दिले. आलाच्या रंगातले तांबडे वस्त्र ते आलवण. केशवपन केलेल्या विधवांवर लादले गेलेले तांबडे लुगडे याच नावाने ओळखले जाई. दुसरीकडे खारवा हे जाडेभरडे तांबडे कापड वह्यांच्या बांधणीला, तंबूच्या अस्तराला आणि गाद्यांना वापरत. पेढीवरच्या चोपडीचा तांबडा रंग शुभ, आणि त्याच रंगाचे आलवण नेसलेल्या बाईला शुभकार्यात मज्जाव. रंग एकच, त्याचा अर्थ कोणाच्या अंगावर तो आहे यावरून ठरे.

९/२३
मग घरी काय रंगत असे? हळद, पळस आणि कुसुंब. आज तेलासाठी पेरली जाते त्या करडईचेच रंगापुरते नाव कुसुंब. तिच्या पाकळ्यांतला पिवळा रंग आधी पाण्याने धुऊन टाकायचा, मग पापडखाराच्या पाण्यात तांबडा अंश उतरवायचा आणि लिंबाच्या किंवा चिंचेच्या आंबटाने तो कापडावर बसवायचा. हळद आणि कुसुंब रंगबंधकाशिवायही सुताला धरतात, म्हणून ते घरच्या पातेल्यात जमत. मात्र उन्हाने आणि धुण्याने ते लवकर उडतात.

१०/२३
यातून एक जुनी वाटणी दिसते. पक्का रंग रंगाऱ्याच्या पिंपात आणि कच्चा रंग घरच्या पातेल्यात. पळसाचा पिवळा रंग सणापुरता, कुसुंबाचा गुलाबी हौसेपुरता. तो उडून जाणारच हे गृहीत असे आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढवता येई. ‘घरच्या घरी रंग बदलणे’ ही कल्पना अशी जुनीच आहे. नवी आहे ती तो रंग कायम टिकावा ही अपेक्षा.

११/२३
जुन्या कापडाचा रंग बदलण्याला एक नियम होता आणि तो आजही लागू आहे. रंगावर रंग घातला की दोहोंची बेरीज होते, वजाबाकी होत नाही. पिवळ्यावर निळीची बुडी दिली तर हिरवा, तांबड्यावर दिली तर जांभळा. तांबड्याचा पिवळा मात्र होत नाही. कापडाचा प्रवास नेहमी फिक्याकडून गडदाकडे. शेवटी हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा अंश मिळाला की काळा. जुनी शाईदेखील याच जोडीतून होत असे. काळा रंग हा जुन्या कापडाचा शेवटचा मुक्काम. त्याच्यापुढे दुसरा रंग नाही.

१२/२३
पक्क्या रंगाचे मोल किती होते, हे वऱ्हाडाबाहेर पाहिले की कळते. सातपुडा आणि तापीच्या खोऱ्यातले शेजारचे बुऱ्हाणपूर सतराव्या शतकात कापडासाठी प्रसिद्ध होते; फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने तिथून इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाणाऱ्या मालाचे वर्णन केले आहे. धुतले तरी न उतरणाऱ्या भारतीय छिटांनी इंग्लंडच्या घरांत एवढा शिरकाव केला, की तिथल्या विणकरांच्या दबावाखाली १७२१ मध्ये संसदेने कायदा करून छापील सुती कापडावर बंदी घातली. ती केवळ पोशाखाला नव्हती. पलंग, खुर्च्या, उशा आणि पडदे यांनाही होती. संपूर्ण निळ्या रंगाच्या कापडाला तेवढी सूट होती. खुर्चीवरच्या कापडाचा रंग हा राज्यकारभाराचा विषय झाला, तो असा.

१३/२३
वऱ्हाडात पालट सुरू झाला १८५३ नंतर. त्या वर्षी निजामाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडकला आणि वऱ्हाडी कापसाला अपूर्व भाव आला. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. डबे कापूस भरून मुंबईला जात आणि येताना कापड, सूत, लोखंड व पुढे रंगही आणत.

१४/२३
तिकडे लंडनमध्ये १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरातून निघणाऱ्या द्रव्यावर प्रयोग करताना जांभळा रंग सापडला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठाच्या जातीतील युरोपीय वनस्पतीचा तांबडा रंग, म्हणजे ॲलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केला. पुढच्या वर्षी त्याचे पेटंट घेण्यासाठी ते आणि पर्किन यांचे अर्ज अवघ्या एका दिवसाच्या अंतराने दाखल झाले. काही वर्षांतच फ्रान्समधली त्या वनस्पतीची शेती कोसळली.

१५/२३
ॲलिझरिन आणि आलाचा रंग हे रासायनिक दृष्ट्या जवळचे नातलग. दोघांनाही तुरटी लागते. त्यामुळे रंगाऱ्याला पिंप बदलावे लागले नाही, कसबही बदलावे लागले नाही. पोतेभर मुळांच्या जागी डब्यातला रंग आला, इतकेच. पहिला घाव रंगाऱ्यावर पडला नाही. तो आलाच्या शेतकऱ्यावर पडला. तीन वर्षे जमिनीत राबून मिळणारा माल आगगाडीने आठवड्यात येऊ लागला, तेव्हा आलाची शेती टिकणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हे पीक जवळजवळ संपले.

१६/२३
रंगाऱ्यावरचा घाव वेगळ्या दिशेने आला. १८८४ मध्ये पाउल बॉटिगर याने काँगो रेड शोधला. रंगबंधक न लावता कापसाच्या सुतावर थेट चढणारा हा पहिला कृत्रिम रंग. पाणी उकळायचे, मीठ घालायचे, रंग घालायचा, कापड बुडवायचे. हिरडा नाही, तेल नाही, दिवसांची मोजदाद नाही. अशा रंगांची पुढे मोठी मालिका तयार झाली आणि ते पुडीत घालून विकता येऊ लागले. रंगाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे रंगबंधकाचे ज्ञान. पुडीला त्याची गरजच उरली नाही.

१७/२३
पण पुडीने पक्का रंग घरात आणला नाही. काँगो रेड आंबट लागताच निळा पडतो, धुण्यात उतरतो, उन्हात विटतो. घरचा रंग कच्चाच राहिला. फक्त पळसाच्या आणि कुसुंबाच्या जागी पुडी आली. परावलंबनही आले. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मन रंगांची आवक तुटली आणि हिंदुस्थानात निळीची लागवड काही काळ पुन्हा वाढली. युद्ध संपल्यावर मात्र तीही ओसरली. आलाला तेवढीही संधी मिळाली नाही, कारण तीन वर्षांचे पीक अडचणीच्या वेळी लगेच उभे राहत नाही.

१८/२३
याच काळात बसण्याची तऱ्हा बदलत होती. युरोपात खुर्चीचे कापड सांगाड्यावर ताणून खिळ्यांनी ठोकत. आत घोड्याचे केस आणि एकोणिसाव्या शतकात लोखंडी स्प्रिंग. वऱ्हाडात खुर्ची आली ती कचेरी, न्यायालय आणि डाकबंगला यांच्या वाटेने. ‘खुर्ची’ या शब्दाला मराठीत अधिकाराचा अर्थ चिकटला, त्यालाही हीच पार्श्वभूमी आहे. उष्ण हवेमुळे पुष्कळ खुर्च्या वेताच्या विणीच्या असत. गादी ठोकलेला कोच ही श्रीमंतीची खूण.

१९/२३
ठोकलेल्या कापडाने रंगाचे जुने शास्त्र उलथवले. पुडीच्या रंगाला उकळते पाणी लागते आणि कोच पातेल्यात मावत नाही. वरून गरम रंग चोपडला तर काथ्या, केस किंवा कापूस तो शोषून घेतो, स्प्रिंग गंजते, सरस सुटतो. वरच्या सुताला रंग लागतो, आतल्या सुताला लागत नाही. मग डाग पडतात आणि बसणाऱ्याच्या पांढऱ्या धोतराला तोच रंग लागतो. भरण, खोळ आणि आधार एक झाले आणि रंग बदलणे घराच्या हातून निसटले. रंग बदलायचा म्हणजे कापडच बदलायचे, हा नियम झाला.

२०/२३
लोकांनी त्यावर तोडगा काढला तो जुनाच. इंग्लंडमध्ये किमती कोचावर सुटे आच्छादन घालत. केसांच्या मॅकॅसर तेलाचे डाग पडू नयेत म्हणून पाठीवर जाळीदार रुमाल टाकण्याची तिथली चाल हिंदुस्थानातही पोहोचली. मराठी घरांतील सोफ्यावरचे क्रोशाचे रुमाल त्याच चालीचे. त्यानंतरची सोफ्याची कव्हरे म्हणजे तर खोळच. नव्या खुर्चीला जुनी खोळ परत मिळाली. धुता येणारी, बदलता येणारी आणि सुती असेल तर रंगवताही येणारी.

२१/२३
विसाव्या शतकाने सूतच बदलले. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचा शोध लागला आणि १९६० च्या दशकात ते ‘टेरीन’ या नावाने भारतात तयार होऊ लागले. कापसाला चढणारी पुडी पॉलिएस्टरला चढत नाही. त्याचे रंग निराळे आणि कारखान्यात ते दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसला चढवतात. घरच्या पातेल्यातले पाणी १०० अंशांपलीकडे जात नाही. दुसरीकडे १९५६ मध्ये बाजारात आलेले ‘रिॲक्टिव्ह’ रंग कोमट पाण्यात, धुण्याच्या सोड्याच्या साहाय्याने कापसाशी रासायनिक बंध जोडतात. पक्का रंग घरात शक्य झाला तो या रंगांमुळे. पण तोवर दिवाणखान्यातून सुती खोळ बाहेर पडू लागली होती.

२२/२३
उरतो ॲक्रिलिकचा फॅब्रिक पेंट. तो ठोकलेल्या कापडावरही लागतो, कारण तो सुतात शिरत नाही. चिकटद्रव्याने वर बसतो. मराठी क्रियापदे हा भेद नेमका सांगतात : रंग ‘चढतो’ तो सुतावर, ‘लागतो’ तो वरवर. म्हणून आज निर्णय घेताना आधी कापड तपासावे. आतल्या घडीतला एक धागा काढून, चिमट्यात धरून, जवळ पाणी ठेवून जाळावा. कागदासारखा वास आला तर कापूस, केसासारखा आला तर लोकर किंवा रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. सुटी आणि सुती खोळ असेल तर रंगवावी. ठोकलेले किंवा पॉलिएस्टरचे कापड असेल तर वरून खोळ शिवावी. आणि खुर्ची खरोखरच शंभर वर्षांची असेल तर मूळ कापडाला हातही लावू नये. खिळ्यांखालच्या, ऊन न लागलेल्या घडीत तिचा पहिला रंग अजून शिल्लक असण्याची शक्यता असते. कोणत्या काळात कोणता रंग कोणाच्या घरी होता, याचा तो पुरावा आहे.

२३/२३
वरूडच्या उत्तरेला सातपुड्याच्या उतारावर पळस आजही फुलतो, तरोटा दर पावसाळ्यात रस्त्याकडेला माजतो आणि करडई तेलाच्या घाणीवर जाते. या तिन्ही वनस्पती रंगाच्या आहेत हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आलाचे शेत तर कोणी पाहिलेलेच नाही. ते ‘आलवण’ या एका शब्दात उरले आहे. रंगाऱ्याचे पिंप गेले त्यासोबत एक व्यवहारही गेला : वस्तू अशी घडवायची की तिचा प्रत्येक भाग सुटा करता येईल, दुरुस्त होईल आणि पुन्हा रंगेल. जुन्या सोफ्याचा रंग बदलण्याची धडपड म्हणजे त्या व्यवहाराची उशिरा झालेली आठवण आहे. ती पुरी करायची तर डबा उघडण्याआधी सुईदोरा हातात घ्यावा आणि एक खोळ शिवावी.